तिलवाराघाट ते दमोह नाका : एका शहरी महामार्गाची वाटचाल

नागपूरहून निघालेला माणूस सिवनी, लखनादौन मागे टाकत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर चालून नर्मदेवर येतो. तिलवाराघाटाचा पूल ओलांडला की जबलपूर सुरू होतं. तिथून जुनी वाट गढ्याच्या बाजूने मेडिकल कॉलेजवरून मदनमहालला येते, राणीताल आणि बलदेवबाग करत दमोह नाक्याला पोचते आणि आधारतालवरून कटनीच्या दिशेने शहर सोडते. सगळी मिळून वीस किलोमीटरच्या आतली ही वाट. महामार्गांच्या हिशेबात ही लांबी नगण्य आहे. पण मिर्झापूरचा कापूस बाजार, वऱ्हाडातले व्यापारी, नागपूरचं सचिवालय आणि त्रिपुरीची काँग्रेस या सगळ्यांचा संबंध या वाटेशी आला. तिच्या पूर्वेला, रेल्वेलाइनच्या उत्तरेस, नेपियर टाउन आहे. मदनमहाल स्थानकाची बाजू ही या वसाहतीची कड आणि तिथेच महामार्गाची वर्दळ तिला भिडते.

एखाद्या शाळेची किंवा ग्रंथालयाची वाटचाल लिहिताना आपण तीन गोष्टी पाहतो : ती कुणी काढली, कुणी सांभाळली आणि कुणाच्या उपयोगी पडली. रस्त्यालाही हेच प्रश्न विचारायला हवेत, कारण सांभाळणारं कुणी नसेल तर रस्ता दोन-चार पावसाळ्यांतच उखडतो. जबलपूरच्या या वाटेला सांभाळणारे अनेक मिळाले. त्यांतल्या बहुतेकांना ती हवी होती ती इथून पुढे जाण्यासाठी. इथे राहणाऱ्यांची पाळी फार उशिरा आली आणि आजचा प्रश्नही तोच आहे.

तळ्यांचा मुलूख

वाटेवरची नावं ऐकली तरी शहराचा पहिला थर हाती लागतो. राणीताल गोंड राणी दुर्गावतीने बांधवलं, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याने, असं जबलपूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जबलपूरला ‘बावन्न तालांचं शहर’ म्हणतात. गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. मदनमहालच्या टेकडीवर, एका प्रचंड शिळेवर बांधलेली गोंडांची चौकी अजून उभी आहे. मुघल सरदार आसफखानाशी लढताना राणी दुर्गावतीने २४ जून १५६४ रोजी देह ठेवला. तिच्या राज्यात पाणी साठवणं हे राजाचं काम मानलं जाई आणि माणसांची, जनावरांची वाट पाण्याच्या काठाकाठाने जाई. तांड्याला रोजच्या मजलेवर पाणी लागतं, त्यामुळे जिथे तळं तिथे मुक्काम ठरलेला.

आज यांतली बरीच तळी बुजली आहेत. काहींवर वस्त्या आल्या, काहींची फक्त नावं चौकांना उरली. खोलगट जागी पावसाचं पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. म्हणून या शहरात रस्त्याचा आराखडा काढताना तळ्यांचा जुना नकाशा समोर ठेवावाच लागतो.

मराठ्यांचा अंमल, वऱ्हाडचा कापूस

मराठ्यांचा या भागाशी संबंध पेशवाईपासूनचा. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याची गोंड सत्ता संपवली. सागरची ही सत्ता म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांचं, कोकणातल्या खेर घराण्याचं, ठाणं. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं. तेव्हापासून वीसेक वर्षं जबलपूरचा कारभार नागपूरहून चालला. सीताबर्डीच्या लढाईपाठोपाठ, डिसेंबर १८१७ मध्ये, ब्रिगेडियर जनरल हार्डिमनच्या फौजेने जबलपूरची भोसल्यांची शिबंदी मोडली आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. सागर-नर्मदा प्रांत या नावाने त्याचा वेगळा कारभार सुरू झाला.

इंग्रजांना या वाटेचं महत्त्व लगेच कळलं. गंगाकाठचं मिर्झापूर, तिथून रीवा, जबलपूर, सिवनी आणि नागपूर अशी ही उत्तर-दक्षिण धार. इंग्रजी कागदपत्रांत तिला ‘ग्रेट डेक्कन रोड’ म्हटलं आहे. फौज, डाक आणि माल या तिन्हींसाठी ती हवी होती. याच भागात ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनने मैहर-जबलपूरच्या वाटेवर दुतर्फा झाडं लावून घेतली. कटनीच्या वाटेवरच्या स्लीमनाबादला त्याचंच नाव आहे. शरण आलेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात १८३७ च्या सुमारास उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. वाट सुरक्षित करणं आणि वाटेवर सावली देणं ही दोन्ही कामं रस्ता बांधण्याच्या कामाचाच भाग मानली गेली होती, हे आज मुद्दाम लक्षात घ्यावं असं आहे.

मराठी वाचकाला या वाटेचं सर्वांत जवळचं नातं कापसातून दिसेल. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाण्याऐवजी मोठ्या प्रमाणात उत्तरेला जाई. अमरावतीहून बैलांच्या पाठीवर लादलेल्या गोण्या नागपूर-जबलपूरमार्गे मिर्झापूरला पोचत आणि तिथून गंगेच्या पाण्याने कलकत्त्याला जात. ही खुष्कीची वाट पाचशे मैलांची. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने जबलपूरमार्गे कलकत्त्याला एक लाख बैलांची लाद पाठवल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये केलेली आहे. एका बैलावर दीड-दोन मण माल धरला, तरी किती बैल, किती वंजारी, किती चारा आणि किती पाणी या वाटेवर लागत असेल, याचा अंदाज येतो. जबलपूर या व्यापाराच्या मध्यावरचा थांबा होता. नर्मदेचा उतार, तळ्यांचं पाणी आणि बाजारपेठ एकाच ठिकाणी मिळत होती.

लोखंडी वाट

हा सगळा व्यापार एका पिढीत फिरला. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेची लाइन १८६७ मध्ये जबलपूरला आली. मुंबईकडून इटारसीमार्गे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येऊन मिळाली ती मार्च १८७० मध्ये. मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने पहिल्यांदा जोडली गेली ती जबलपुरात. त्याआधीच वऱ्हाडात रेल्वे पोचली होती. कापूस मुंबईकडे वळला, मिर्झापूरची बाजारपेठ ओसरली आणि बैलांचे तांडे थांबले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेची अरुंद लाइन गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला आली. तिला इथले लोक ‘छोटी लाईन’ म्हणत. गोंदिया-बालाघाटच्या मराठी कुटुंबांना जबलपूरशी बांधून ठेवणारी हीच गाडी. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि पुढे त्या मार्गावर ब्रॉडगेज आली, तरी शहरात ‘छोटी लाईन फाटक’ हे नाव चालूच आहे.

रेल्वेमुळे रस्त्याचं काम बदललं. लांबचा माल गाडीत गेला. रस्त्यावर उरले ते आसपासचे शेतकरी, टांगे, सायकली आणि स्थानकाकडे जाणारे-येणारे लोक. शहर रेल्वेलाइनच्या दोन्ही बाजूंना वाढू लागलं. छावणी होतीच, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी आली. लाइन जितकी गजबजली, तितकी ती ओलांडणं अवघड झालं. नेपियर टाउनला पलीकडच्या गोरखपूर भागाशी जोडणारा शास्त्री ब्रिज हा या अडचणीवरचाच उपाय आहे.

राजधानीचा रस्ता

१८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, जबलपूरच्या माणसाला सरकारी कामासाठी नागपूर गाठावं लागे. नागपूर-जबलपूर हा त्या काळात एकाच प्रांतातला, राजधानीला जाणारा रस्ता होता. वकील, प्राध्यापक, कारकून, आमदार सगळे या वाटेचे प्रवासी. जबलपुरात मराठी वस्ती रुजली आणि वाढली त्यामागे भोसल्यांच्या काळाइतकाच या शतकाचाही वाटा आहे. गोलबाजारचं दत्तमंदिर आणि मराठी समाजाची महाराष्ट्र शाळा या त्या वस्तीच्या खुणा. मराठी घरातून आलेले हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी काही काळ जबलपुरात शिकवलं आणि तिथून ते नागपूरला गेले.

स्वातंत्र्यलढ्यातही ही दोन शहरं एका धाग्यात होती. १९२३ मध्ये जबलपूरच्या टाउन हॉलवर तिरंगा चढवला गेला, तिथून झेंडा सत्याग्रहाला तोंड फुटलं आणि त्याचं मोठं रणांगण नागपूर झालं. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन जबलपूरजवळ त्रिपुरीला भरलं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते, तरी ते आले. अधिवेशनाच्या आकड्याला साजेशी बावन्न हत्तींची मिरवणूक निघाल्याची आठवण शहर अजून सांगतं. शहरातला कमानिया गेट त्या अधिवेशनाचं स्मारक आहे आणि नागपूरच्या वाटेवरच्या मेडिकल कॉलेजला सुभाषबाबूंचंच नाव आहे. तिलवाराघाटावर फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. तिथे गांधी स्मारक आहे.

त्याच फेब्रुवारीत या रस्त्याने जबलपूरचं एक माणूस नेलं. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान जबलपूरच्या रहिवासी. झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, पुढे मध्यप्रांताच्या विधानसभेच्या सदस्य झालेल्या. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून परतताना सिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ४३. रस्त्याचा इतिहास सांगताना आपण पूल आणि मैल मोजतो, पण अपघातात गेलेली माणसं हाही त्या इतिहासाचा भाग आहे आणि तो प्रत्येक रस्ता बांधणाऱ्याने मनावर घेतला पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं. एका दिवसात या रस्त्यावर राज्याची सीमा आली. राजधानीकडे जाणारी वाट पश्चिमेला वळली. नागपूरची वाट उरली ती नातेवाईकांची, व्यापाराची आणि दवाखान्यांची. जबलपूरच्या मराठी घरांतून नागपूरला लग्नकार्याला, शिक्षणाला, मोठ्या आजारपणात जाणं आजही चालू आहे.

कडेचं नेपियर टाउन

वर्दळीच्या कडेला असूनही नेपियर टाउन लिहिण्यावाचण्याची, शिकण्याची वस्ती म्हणून ओळखलं गेलं. भंवरताल उद्यान, राणी दुर्गावती संग्रहालय आणि मुलींचं होम सायन्स कॉलेज याच परिसरात. हिंदीतले थोर व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई नेपियर टाउनमध्ये राहत. ‘वसुधा’ मासिक त्यांनी जबलपुरातून चालवलं आणि १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या पुस्तकासाठी मिळाला. पुढे ओशो म्हणून जगभर ओळखले गेलेले रजनीश हे महाकोशल कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असताना नेपियर टाउनमध्येच राहत होते. भंवरतालमधल्या मौलश्रीच्या झाडाखाली २१ मार्च १९५३ रोजी आपल्याला ज्ञान झालं, असं त्यांनी सांगितलं आहे.

ही नावं इथे घेण्याचं कारण आहे. ज्या वस्तीत माणूस पायी फिरू शकतो, बागेत बसू शकतो, चौकात उभं राहून बोलू शकतो, तिथे विचार आणि लेखन वाढतं. परसाईंच्या लेखनातला सामान्य माणूस रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, रांगेत भेटतो. असा रस्ता म्हणजे वस्तीचं अंगण, आणि त्यावरून माणूस हटला तर वस्तीही बदलते.

क्रमांक सात

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक मिळाले. वाराणसीहून जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळुरूमार्गे कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७ हा २,३६९ किलोमीटरचा देशातला सर्वांत लांब महामार्ग ठरला. जुन्या डेक्कन रोडची धार त्यात सामावली गेली. शहरातली नेमकी वळणं काळानुसार बदलली, दिशा तीच राहिली. कापसाच्या बैलांची जागा ट्रकांनी घेतली आणि पुन्हा एकदा लांबचा माल जबलपूरच्या वस्त्यांमधून जाऊ लागला.

२०१० च्या फेरक्रमांकनात सात हा आकडा इथून गेला. आज रीवा-कटनीकडची वाट ३० क्रमांकात, जबलपूर ते लखनादौन ३४ मध्ये आणि लखनादौनपासून नागपूर ४४ मध्ये मोडते. भोपाळकडून येऊन बिलासपूरकडे जाणारा ४५ वेगळाच. दरम्यान शहराबाहेरून बायपास झाला, अंधमूकच्या वळणावरून जड वाहनं बाहेर वळली. आता त्याच्याही पलीकडून शंभर किलोमीटरहून लांब रिंग रोडचं काम चाललं आहे.

बायपास झाला की आतला रस्ता दोन पाट्यांच्या मध्ये सापडतो. केंद्राचं लक्ष बाहेरच्या रस्त्यावर जातं, आतला राज्याच्या लोकनिर्माण विभागाकडे किंवा महापालिकेकडे येतो. रुंदी एकाकडे, गटार दुसऱ्याकडे, दिवे तिसऱ्याकडे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम शहराला हा अनुभव आहे. रस्ता खोदायला सगळे येतात, बुजवायची जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरत नाही.

वरचा रस्ता

बायपासने ट्रक गेले, पण शहराची स्वतःची वाहनं वाढत राहिली. मदनमहाल ते दमोह नाका हे अंतर चौकाचौकांत अडकू लागलं. त्यावरचा उपाय म्हणजे महानद्द्याजवळच्या एलआयसीपासून मदनमहाल, राणीताल, बलदेवबाग करत दमोह नाक्यापर्यंतचा उड्डाणपूल. २३ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. लांबी सात किलोमीटरच्या जवळपास, खर्च हजार कोटींहून अधिक, आणि मध्य प्रदेशातला हा सर्वांत लांब उड्डाणपूल. त्याला राणी दुर्गावतीचं नाव आहे.

पुलाची बांधणी नीट पाहावी अशी आहे. मदनमहालला खाली रेल्वेच्या लाइनी, गाड्यांची सतत ये-जा, तिथे खांब उभारायला जागा नाही. म्हणून सुमारे १९० मीटरचा भाग उंच मनोऱ्यांवरून तिरप्या केबलांनी टांगून धरला आहे. राणीताल आणि बलदेवबागच्या चौकांतही मधोमध खांब नको होता, म्हणून तिथे धनुष्यासारख्या पोलादी कमानींनी पूल तोलून धरला आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा मोठा धक्का बसला होता. नर्मदेच्या खोऱ्यातली जमीन हलते, हे या शहराने सोसून पाहिलं आहे. अशा जमिनीवर एवढा लांब पूल उभा करणं हे अभियंत्यांचं आणि मजुरांचं मोठंच काम आहे.

पैसा आला तो मुख्यतः केंद्रीय रस्ते निधीतून. पेट्रोल आणि डिझेलवर आपण जो उपकर भरतो, त्यातून २००० च्या कायद्याने हा निधी उभा राहतो. स्कूटरवाला, रिक्षावाला, शेतीच्या पंपाला डिझेल घालणारा, सगळे या पुलाचे वर्गणीदार आहेत. म्हणूनच पुलाखालच्या रस्त्यावरही त्या सगळ्यांचा हक्क आहे.

खालचा रस्ता कुणाचा?

मला या सगळ्या वाटचालीतून दिसतं ते असं. फौज, कापूस, डाक, ट्रक, मोटारी अशा पाहुण्यांच्या सोयीसाठी ही वाट दोनशे वर्षं रुंदावत गेली. आता लांबचे बाहेरून गेले आणि घाईतले वरून गेले. दोनशे वर्षांत पहिल्यांदाच जमिनीवरचा रस्ता तिथे राहणाऱ्यांसाठी मोकळा होण्याची शक्यता आहे. ही संधी आपोआप टिकणार नाही. मोकळी झालेली जागा दोन वर्षांत पार्किंगने आणि अतिक्रमणाने भरते, हे नागपूर, पुणे, ठाणे इथल्या पुलांखाली आपण पाहतो आहोत. पुलाखाली खेळायला आणि व्यायामाला जागा करण्याची सुरुवात जबलपुरात झाली आहे, ती चांगली आहे. पण खरी कसोटी चौकातली आहे.

याच वाटेच्या दक्षिणेकडच्या टोकाला एक धडा तयार आहे. सिवनी-नागपूर टप्प्यात पेंचच्या जंगलातून रस्ता चौपदरी करताना वन्यजीव कार्यकर्त्यांनी न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. शेवटी एकट्या महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून प्राण्यांना खालून वाट दिली गेली. त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. वाघासकट अनेक प्राणी त्या वाटांनी जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. रस्ता बांधतानाच, आधी कुणाची वाट अडते आहे हा प्रश्न विचारला गेला, म्हणून हे घडलं. तो प्रश्न जंगलाइतकाच शहरातही विचारायचा असतो. राणीतालच्या चौकात शाळकरी मुलगी, होम सायन्स कॉलेजच्या विद्यार्थिनी, मदनमहालला गाडी पकडायला निघालेली म्हातारी बाई, मेडिकलला रुग्णाला घेऊन आलेला खेड्यातला माणूस यांना रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो आणि जीव किती मुठीत धरावा लागतो, हे मोजलं पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. दोन्ही बाजूंना सलग, मोकळे पदपथ. चौकाचौकांत पायी माणसासाठी वेगळा सिग्नल आणि मध्ये थांबायला जागा. बसथांब्यावर सावली. स्लीमनच्या काळात मैहर-जबलपूरच्या सगळ्या वाटेवर लावता आली, ती झाडं सात किलोमीटरवर लावता येतील आणि जगवताही येतील. उरलेल्या तळ्यांकडे पाणी नेणारी पावसाळी गटारं. आणि या सगळ्याची देखभाल करणारं एकच खातं, ज्याचं नाव आणि फोन नंबर रस्त्यावरच्या फलकावर लिहिलेला असेल.

प्रत्येक संस्थेच्या वाटचालीत असा टप्पा येतो, जेव्हा बांधणी पूर्ण होते आणि सांभाळण्याचं काम सुरू होतं. जबलपूरचा हा रस्ता त्या टप्प्यावर उभा आहे. हजार कोटींचा पूल उभा करण्याची धमक शहराने आणि राज्याने दाखवली. त्या खर्चाच्या एका छोट्या अंशात खालचा रस्ता चालण्याजोगा होईल. तो झाला, तर नागपूरहून येणाऱ्या आमच्यासारख्यांना वेळ वाचल्याचा आनंद होईलच, पण त्याहून मोठा आनंद नेपियर टाउन, राणीताल, बलदेवबागच्या माणसांना आपल्या दारचा रस्ता पहिल्यांदा आपला म्हणता आल्याचा असेल. येत्या महापालिका अंदाजपत्रकात आणि लोकनिर्माण विभागाच्या कामांच्या यादीत त्यासाठी ओळ घालून घेणं, हे आता जबलपूरकरांच्या हातात आहे.